युरॅक्सेसवर फंडेड पीएचडी शोधणं: फुकट आहे, कामाचं आहे, पण जाहिरात नीट वाचता आली पाहिजे

पाचपैकी साडेतीन स्टार. युरोपात कॉम्प्युटर सायन्स किंवा नेटवर्क सायन्समध्ये पगारी पीएचडी शोधत असाल तर युरॅक्सेसला टाळून चालत नाही, पण तिथे नुसतं जाऊन बसलात तर दोन तासांत डोकं उठेल. मी बऱ्यापैकी महिने ही साईट रोज उघडत होते, सध्या नेदरलँड्सला पीएचडी करतेय, आणि पुण्यातल्या ज्युनियर पोरापोरींचे मेसेज सारखे येतात की ताई कुठे शोधलंस, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी ही साईट आहे काय ते. युरोपियन कमिशनचा उपक्रम आहे, ४० पेक्षा जास्त देश त्याच्यात आहेत, युरॅक्सेस हे नाव २००८ पासूनचं. युनिव्हर्सिट्या आणि रिसर्च इन्स्टिट्यूट स्वतःच्या जागांच्या जाहिराती तिथे टाकतात. पैसे लागत नाहीत, जाहिराती वाचायला लॉगिनसुद्धा लागत नाही. आणि हे नीट लक्षात घ्या की साईट कोणाला घेत नाही किंवा नाकारत नाही, ती फक्त जाहिरातींचा फळा आहे. अप्लाय वर क्लिक केलं की बहुतेक वेळा त्या युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवर जाता आणि तिथे परत पहिल्यापासून सगळं भरायचं. त्यामुळे "अप्लाय केलं पण तीन महिने रिप्लायच नाही" ही तक्रार असेल तर ती त्या डिपार्टमेंटची, साईटची नाही.

आता सर्च. इथेच माझा अर्धा स्टार गेला. मला हवं होतं नेटवर्क सायन्स, म्हणजे रोग कसा पसरतो, अफवा कशी पसरते, शहरात माणसं कुठून कुठे जातात, हे ग्राफ मांडून आणि कोड लिहून बघायचं. राउटर-केबलवालं नेटवर्किंग नाही. पण सर्चमध्ये नुसतं नेटवर्क टाकलंत की संपलात. कारण मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी ॲक्शन्स म्हणजे एमएससीए ह्या युरोपियन युनियनच्या, रिसर्चला पैसे देणाऱ्या योजनेत पीएचडीवाल्या प्रोजेक्ट्सचं नावच डॉक्टोरल नेटवर्क आहे, मग तो प्रोजेक्ट सिमेंटवर असो, कॅन्सरच्या पेशींवर असो नाहीतर मध्ययुगीन हस्तलिखितांवर, जाहिरातीत नेटवर्क हा शब्द असणारच. वरून न्यूरल नेटवर्क, ऑप्टिकल नेटवर्क, सिक्स-जी. म्हणजे तुम्ही शंभर जाहिराती बघाल आणि आपल्या कामाची एखादी.

उपाय म्हणजे दुसऱ्या नावांनी शोधायचं. कॉम्प्लेक्स सिस्टिम्स, कॉम्प्लेक्स नेटवर्क्स, कॉम्प्युटेशनल सोशल सायन्स, ग्राफ मशीन लर्निंग, एपिडेमिक मॉडेलिंग, ह्युमन मोबिलिटी, स्टॅटिस्टिकल फिजिक्स. आणि रिसर्च फील्डच्या फिल्टरमध्ये फक्त कॉम्प्युटर सायन्स ठेवू नका, फिजिक्स आणि मॅथ्सही टिक करा, जमलं तर सोशिऑलॉजी पण. हा विषय वाढलाच फिजिक्सवाल्यांच्या हातात, त्यामुळे निम्म्या चांगल्या जागा फिजिक्स डिपार्टमेंटमध्ये असतात आणि तिथे कॉम्प्युटर इंजिनिअर चालतो का तर चालतो, पायथन येत असेल आणि प्रोबॅबिलिटीची भीती वाटत नसेल तर उलट आवडीने घेतात. आपल्याकडचे लोक डिपार्टमेंटचं नाव वाचूनच पुढे जातात.

दुसरा फिल्टर म्हणजे आर१. युरोपात रिसर्चरच्या चार पायऱ्या धरतात, आर१ म्हणजे पीएचडी पूर्ण होईपर्यंतचे, आर२ म्हणजे पीएचडी झालेले पण अजून स्वतंत्र नसलेले, मग आर३, आर४ म्हणजे मोठे प्रोफेसर लोक. तुम्हाला आर१ पाहिजे. काही जाहिरातींत आर१ आणि आर२ दोन्ही टिक केलेलं असतं, तिथे आतला मजकूर वाचा, कधी कधी ती खरं तर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडी झालेल्यांची जागा असते.

आता मुख्य मुद्दा, पैसे. फंडेड हा शब्द इतका सैल वापरतात की त्याच्यावर विश्वासच ठेवू नका, पैसे कोण देणार आणि कोणत्या कागदावर देणार एवढंच बघा. माझी आत्या मी इकडे आल्यापासून विचारतेय, "तू शिकायला गेलीयेस की नोकरीला?" आणि खरं सांगू का, जाहिरात वाचताना नेमका हाच प्रश्न विचारायचा असतो. नेदरलँड्समध्ये बहुतेक पीएचडीवाले युनिव्हर्सिटीचे नोकर असतात, पगारपत्रक येतं, टॅक्स कापतात, पेन्शन कापतात, सुट्ट्या मिळतात. साधारण चार वर्षं, आधी एक वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट, काम ठीक वाटलं की पुढची तीन. पगार कोणी घासाघीस करून ठरवत नाही, सगळ्या युनिव्हर्सिट्यांचा एकच करार आहे, २०२४ च्या शेवटच्या जाहिरातींत पहिल्या वर्षी महिना २,९०१ युरो ग्रॉस (म्हणजे कापाकापीच्या आधीचे) आणि चौथ्या वर्षी ३,७०७ असं लिहिलेलं असायचं, त्याच्यावर ८ टक्के हॉलिडे अलाउन्स आणि ८.३ टक्के वर्षअखेरीचे. स्वीडनमध्येही नोकरीच असते, फी नाही. जर्मनीत जाहिरातीत टीव्ही-एल ई१३ असं, म्हणजे तिथल्या सरकारी पगाराच्या तक्त्यातली पायरी लिहितात आणि पुढे टक्के, ५०, ६५, ७५, १००. हे टक्के म्हणजे त्या पगाराचा तेवढा भाग. कॉम्प्युटर सायन्समध्ये १०० टक्केवाल्या बऱ्याच मिळतात, पण तीच नेटवर्क सायन्सची जागा सोशल सायन्स फॅकल्टीत निघाली तर ६५ टक्के असू शकते, आणि काम काही ६५ टक्के नसतं हो.

इटलीच्या जाहिराती जपून. तिथे युनिव्हर्सिटी एकदम मोठा बांदो म्हणजे भरतीचं नोटिफिकेशन काढते, पीएचडीच्या इतक्या जागा, त्यातल्या काही बोर्सा म्हणजे स्कॉलरशिपवाल्या आणि काही बिगर-बोर्सा. बिगर-बोर्सा म्हणजे सीट मिळाली, पैसे नाहीत. मेरिट लिस्टमध्ये वर आलात तर बोर्सा, खाली आलात तर स्वतःच्या खिशातून रहा. बोर्साची रक्कम २०२२ पासून वर्षाला किमान १६,२४३ युरो ग्रॉस आहे, म्हणजे मिलानमध्ये भाडं देऊन फार काही उरणार नाही, तुरिनमध्ये जरा बरं. पण तुरिनला आयएसआय फाउंडेशन आहे, नेटवर्क आणि एपिडेमिकच्या कामात मोठं नाव, त्यामुळे इटली सरसकट काट मारू नका, बांदोच्या पीडीएफमधलं जागांचं कोष्टक तेवढं वाचा.

एमएससीएच्या जागा युरॅक्सेसवर सगळ्यात चमकदार दिसतात. २०२१ ते २०२४ च्या कॉल्समधल्या प्रोजेक्ट्सना लिव्हिंग अलाउन्स महिना ३,४०० युरो, मोबिलिटी अलाउन्स ६०० युरो, आणि देशातल्या महागाईप्रमाणे एक गुणक लावून लिव्हिंग अलाउन्स कमीजास्त होतो. लगेच रुपयांत गुणाकार करून घरी सांगू नका, कारण ह्या आकड्यातून मालकाचा, म्हणजे नोकरी देणाऱ्या युनिव्हर्सिटीचा पेन्शन-इन्शुरन्सचा वाटा पण कापला जातो, म्हणजे ग्रॉसच्याही वरचा ग्रॉस, हातात येणारी रक्कम बरीच कमी. तरी पगार चांगलाच असतो. दुसरं म्हणजे एमएससीए पैसे देतं साधारण ३६ महिन्यांचे. तीन वर्षांत पीएचडी संपवणाऱ्या देशात ठीक, पण जिथे चार वर्षं लागतात तिथे चौथ्या वर्षाचे पैसे कोण देणार हे इंटरव्ह्यूमध्ये सरळ विचारा. उद्धट वाटत नाही, उलट माहिती काढून आलीये असं वाटतं त्यांना.

आणि एमएससीएचा मोबिलिटी रूल. ज्या देशात जागा आहे त्या देशात तुम्ही रुजू व्हायच्या आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले किंवा मुख्य काम केलेलं नसावं. भारतातून थेट जाणाऱ्याला ह्याचा काहीच त्रास नाही, कोणत्याही देशाचा नागरिक चालतो. अडकतात कोण, तर जर्मनीत दोन वर्षं एमएस केलेली आपली मुलं. नाशिकचा एक मित्र आहे, त्याला जर्मनीतच थांबायचं होतं, भाषा पण शिकला होता, आणि एमएससीएच्या सगळ्या जर्मन जागा त्याला बंद. नेदरलँड्स, डेन्मार्क, स्पेन उघडे. शेवटी कोपनहेगनच्या बाजूला गेला आणि खूश आहे. साईटवर एलिजिबिलिटी क्रायटेरिया असा वेगळा रकाना आहे, तिथे हे लिहिलेलं असतं, पण लोक ऑफर डिस्क्रिप्शनवरच थांबतात.

युरॅक्सेसची जाहिरात मला लग्नाच्या बायोडेटासारखी वाटते, जे लिहिलंय त्यापेक्षा काय लिहिलेलं नाही ते बघायचं. पगाराचा आकडा नाही, कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांचं ते नाही, आणि खाली "एक्सलंट रिसर्च एन्व्हायर्नमेंट" तीनदा, तर समजून जा. एचआर एक्सलन्सचा लोगो बऱ्याच जाहिरातींवर दिसेल, तो इन्स्टिट्यूटच्या भरतीच्या पद्धतीबद्दल आहे, तुमचा गाईड माणूस कसा आहे ह्याबद्दल नाही. त्याच्यासाठी त्याच ग्रुपमधल्या आत्ताच्या पीएचडी स्टुडंटला मेल करायचा. दोन ओळींचा करा, बहुतेक लोक उत्तर देतात.

बाकीच्या साईट्सबद्दल थोडक्यात. फक्त डच जागा हव्या असतील तर अकॅडेमिक ट्रान्सफर ही तिथल्या युनिव्हर्सिट्यांची साईट युरॅक्सेसपेक्षा कितीतरी साफ आहे, पगार कमीत कमी-जास्तीत जास्त, तास, डेडलाईन, सगळं वरच दिसतं. तिला मी साडेचार देईन. जर्मनीसाठी डाड ह्या तिथल्या शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेचा पीएचडी जर्मनी डेटाबेस आहे, बरा आहे. ब्रिटनसाठी फाइंड अ पीएचडी, पण तिथे प्रत्येक प्रोजेक्टखाली फंडिंगचा शिक्का असतो तो आधी वाचा. फंडेड, स्टुडंट्स वर्ल्डवाइड, हा आपला. फंडेड, यूके स्टुडंट्स ओन्ली, हा नाही. काँपिटिशन फंडेड म्हणजे पैसे मिळू शकतात, भांडून घ्यावे लागतील. सेल्फ-फंडेड ओन्ली म्हणजे सरळ स्वतःच्या खर्चाने. ब्रिटनमध्ये अजून एक गोम अशी की यूकेआरआय ह्या तिथल्या सरकारी रिसर्च-निधी संस्थेच्या पैशांवरच्या जागांत परदेशी मुलं साधारण ३० टक्क्यांपर्यंतच घेता येतात, त्यामुळे शिक्का चांगला असला तरी स्पर्धा घट्ट. २०२५-२६ ला त्यांचा किमान स्टायपेंड वर्षाला २०,७८० पाउंड होता, पण स्टायपेंडबरोबर परदेशी फीमधला फरक युनिव्हर्सिटी माफ करतेय का ते मेल करून लेखी घ्या.

काही जागा ह्या कुठल्याच फळ्यावर नोकरीसारख्या लागत नाहीत. बोस्टनची नॉर्थईस्टर्न, जिथे ह्या विषयातलं मोठं नाव बाराबाशी आहेत आणि नेटवर्क सायन्सची वेगळी पीएचडीच आहे, तिथे अमेरिकन पद्धतीने वर्षातून एकदा ॲडमिशनची सायकल. बुडापेस्टहून व्हिएन्नाला गेलेली सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटी, तिचंही तसंच. व्हिएन्नाचं कॉम्प्लेक्सिटी सायन्स हब, स्पेनमधल्या पाल्माचं कॉम्प्लेक्स सिस्टिम्सचं इन्स्टिट्यूट आयएफआयएससी, ह्यांची करिअर पेजेस अधूनमधून थेट उघडत जा, कारण जाहिरात आधी तिथे लागते आणि युरॅक्सेसवर कधी येते, कधी येत नाही.

कन्सल्टन्सीबद्दल बोलायलाच हवं, कारण मेसेजमध्ये दर दुसरा माणूस तेच विचारतो. पुण्यात एका ठिकाणी मी चौकशीला गेले होते, नाव लिहीत नाही. पीएचडी पॅकेज म्हणून भलीमोठी रक्कम सांगितली आणि नमुना म्हणून जी यादी दाखवली त्यात जवळजवळ सगळ्या सेल्फ-फंडेड सीट्स. मी विचारलं की सर पगारी जागा कुठेत, तर म्हणे "आधी ॲडमिशन तर होऊ दे, फंडिंग नंतर बघू". युरोपातल्या पगारी पीएचडीत असं नंतर बघू काही नसतं, जागा आणि पगार एकत्रच येतात, आणि अशा नोकरीवाल्या जागेला अर्जाची फी पण सहसा नसते. अमेरिकेत अर्जाची फी असते, ते वेगळं. एसओपी, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज, लिहून देतो म्हणणाऱ्यांचंही तेच. मोटिव्हेशन लेटरमध्ये त्या गाईडचा कोणता पेपर वाचला आणि त्यात काय खटकलं हे एका परिच्छेदात लिहायचं असतं, ते पॅकेजवाला कसा लिहिणार, त्याने पेपर वाचलाय कुठे.

रेफरन्सचंही सांगते. इकडे बऱ्याचदा पत्र मागत नाहीत, दोन लोकांची नावं आणि ईमेल मागतात आणि शॉर्टलिस्ट झालात की परस्पर त्यांना विचारतात. आपल्याकडे सर म्हणतात "तूच ड्राफ्ट कर, मी सही करतो", ते इथे चालत नाही, कारण मेल थेट सरांना जातो आणि सर जीमेलवरून "शी इज सिन्सिअर अँड हार्डवर्किंग" एवढंच पाठवतात. सरांना आधी गाठून सांगा की माझ्या प्रोजेक्टमधलं अमुक काम आठवून लिहा. शक्यतो कॉलेजचाच ईमेल द्यायला सांगा.

कोणासाठी ही साईट नाही? फक्त बीई झालेल्यांसाठी फारशी नाही. युरोपात बहुतेक ठिकाणी मास्टर्स लागतं, आपली चार वर्षांची बीई तिकडे बॅचलर धरतात. थेट बीईनंतर जायचं असेल तर अमेरिका बघा. आणि भारतातच राहायचं असेल तर इथे शोधून उपयोग नाही. खरगपूर आयआयटीत कॉम्प्लेक्स नेटवर्क्सचा चांगला मोठा ग्रुप आहे, चेन्नईच्या इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेसमध्ये काम चालतं, पैशाचं म्हणाल तर जेआरएफ म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप २०२३ पासून महिना ३७,००० झालीये, आणि २०१८ ला सुरू झालेल्या पंतप्रधान रिसर्च फेलोशिपमध्ये पहिली दोन वर्षं महिना ७०,००० दिले जात. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योतीच्या फेलोशिप आहेत, आणि अनुसूचित जातीच्या मुलांना बाहेर जायला राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ती पीएचडीलाही चालते. ब्रिटनची ॲडमिशन मिळून पैसे अडले असतील तर हे आधी तपासा, मग एज्युकेशन लोनच्या बँकेत जा.

युरॅक्सेसचा एक भाग लोक वापरतच नाहीत, तो म्हणजे सर्व्हिस सेंटर्स. व्हिसा, घर, इन्शुरन्स, नवऱ्याचे किंवा बायकोचे कागद, ह्याच्यावर फुकट मदत करतात, ऑफर मिळाली की आपल्या शहराचं सेंटर शोधून मेल टाका. रिसर्चर म्हणून परमिट मिळालं तर २०१६/८०१ नावाच्या युरोपियन नियमाप्रमाणे जोडीदाराला काम करता येतं आणि रिसर्च संपल्यावर नोकरी शोधायला किमान नऊ महिने थांबता येतं. डेन्मार्क आणि आयर्लंड त्या नियमात नाहीत, त्यांचं वेगळं. लग्न झालेल्यांनी हे ऑफर घेताना बघावं, पगारातला शंभर युरोचा फरक ह्याच्यापुढे काही नाही.

शेवटचं, डेडलाईन. जाहिरातीत तारखेपुढे वेळ आणि टाइम झोन लिहिलेला असतो, ब्रसेल्स, रोम, वगैरे. तिकडचे रात्री ११.५९ म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटेचे जवळजवळ साडेतीन, हिवाळ्यात साडेचार. पण त्या भरवशावर राहू नका, युनिव्हर्सिटीची पोर्टल्स मार्कशीटची पीडीएफ मोठी म्हणून नाकारतात, आणि आपल्या कॉलेजची स्कॅन केलेली आठ सेमिस्टरची मार्कशीट एका फाईलमध्ये छोटी करणं हे पहाटे साडेतीनला करायचं काम नाही. आदल्या दिवशी दुपारी भरा.